एक माणूस जास्त

संकटं ही पाहुण्यांसारखी असतात. त्यांना आमंत्रण लागत नाही, पत्ता कळवावा लागत नाही, आणि येताना ती सहसा एकटी येत नाहीत. ज्या दिवशी नळाला पाणी नसतं त्याच दिवशी गॅस संपतो आणि त्याच दिवशी व्याही जेवायला येतात. असं सगळं आपोआप आणि फुकट मिळत असताना जगात कोणी माणूस कागद-पेन्सिल घेऊन, डोकं खाजवत, रात्री जागून नवी संकटं तयार करतो आणि वर 'अजून जरा अवघड हवं होतं' म्हणून हळहळतो, असं मला कोणी सांगितलं असतं, तर तो माणूस नक्की बोर्डाच्या परीक्षेचा पेपर काढणारा असणार, असं मी म्हटलं असतं.

तसा माणूस आमच्याच घरात निघाला. वय वर्षं पंधरा. नातं, मुलीचा मुलगा. मुक्काम, मिनियापोलिसचं एक उपनगर.

अमेरिकेत मुलीकडे जायचं ते उन्हाळ्यात, असा आईबापांमध्ये अलिखित नियम आहे. पण या खेपेला कन्येच्या आणि जावयाच्या रजांचं गणित असं काही जमलं, की आम्ही उभयता ऐन जानेवारीत तिथे जाऊन पडलो. तेहतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. त्यात टुंड्रा प्रदेश तेहतीस वेळा शिकवला. बाहेर घामाच्या धारा, वर्गात पंखा बंद, आणि मी फळ्यापुढे उभा राहून सांगतोय की 'येथील हिवाळा दीर्घ व अतिशय कडक असतो'. त्या वाक्यातल्या 'अतिशय' या शब्दात काय काय भरलेलं असतं ते मिनियापोलिसच्या टपालपेटीपर्यंत चालत गेल्यावर कळतं. पेटी घरापासून तीस पावलांवर. कपडे चढवायला बारा मिनिटं, उतरवायला दहा. टपाल रोज जाहिरातींचं.

नातवाचा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना समजावून सांगणं अवघड आणि ज्यांनी पाहिला आहे त्यांना आणखी अवघड. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. कोणी जादूगार, कोणी योद्धा, कोणी चोर. एक जण सूत्रधार. सूत्रधार सांगतो, 'तुमच्या समोर एक गुहा आहे.' खेळाडू सांगतात, 'आम्ही आत शिरतो.' शिरल्यावर काय होतं ते सूत्रधार सांगतो, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात. फासेही साधे नाहीत. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, वीस बाजूंचा. शकुनिमामाने पाहिले असते तर हरखून गेला असता. जिंकणं-हरणं नाही. शनिवारी संध्याकाळी थांबायचं आणि पुढच्या शनिवारी तिथून पुढे. थोडक्यात, कीर्तनाची मालिका, फक्त श्रोते मध्ये मध्ये बुवांच्या अंगावर धावून जातात.

या सूत्रधाराला 'डंजन मास्टर' म्हणतात. डंजन म्हणजे भुयारातली अंधारकोठडी. पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, बँडमास्तर ही मंडळी आपण पाहिली आहेत, हा तळघरमास्तर. आणि हा खेळ चालायचाही घराच्या तळघरातच. त्यात परंपराही आहे म्हणे. याच शहराच्या जोडगावात, सेंट पॉलमध्ये, डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाने १९७१ साली मित्रांना तळघरात जमवून असला खेळ चालवला. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने त्याच्याबरोबर नियम लिहिले आणि १९७४ साली खेळ विक्रीला आला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार. म्हणजे आपल्याकडच्या कवितासंग्रहाइतक्याच. फरक एवढाच, की त्या संपल्या.

एका संध्याकाळी नातू माझ्यापाशी येऊन बसला. चेहरा पेपरात नापास मुलाचा नव्हे, पेपर फुटलेल्या परीक्षकाचा.

"आजोबा, तू आर्क्टिक शिकवायचास ना?"

(इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असतो. त्यामुळे तिकडची नातवंडं आपल्याला 'तू' म्हणतात. पहिले आठ दिवस कानाला लागतं, मग गोड वाटायला लागतं, आणि परत आल्यावर 'तुम्ही' ऐकलं की परकं वाटतं.)

त्याची अडचण अशी. त्याने आपल्या चार खेळाडूंना उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात नेलं होतं. त्या प्रदेशावर २०२० साली निघालेलं एक तयार पुस्तक बाजारात आहे, पण जादूगार झालेल्या पोराने ते आधीच वाचून काढलं होतं. म्हणजे अपेक्षित प्रश्नसंच पाठ. तेव्हा नातवाने स्वतः संकटं रचली. पांढरा ड्रॅगन सोडला. तो पोरांनी पिझ्झा यायच्या आत मारला. हिमराक्षस सोडला, तो पिझ्झा खाता खाता मारला. मग यती सोडला. आता यती हा आपल्या हिमालयातला. तो उत्तर ध्रुवाकडे कुठल्या व्हिसावर गेला ते मी विचारलं नाही. पोरांनी त्याला मशाल दाखवली आणि तो घाबरून पळाला.

"आणि थंडी?" मी विचारलं.

"थंडीचा नियम आहे. पण तो बोअर आहे."

नियम त्याने दाखवला. त्यांचं नियमपुस्तक २०१४ सालचं. २०२४ साली नवी आवृत्ती निघाली, पण ही मंडळी जुन्या अभ्यासक्रमाला चिकटून होती. त्यात लिहिलंय की तापमान शून्य फॅरनहाइट किंवा त्याखाली असेल तर दर तासाला वीस बाजूंचा फासा टाकायचा. आपली काटकता मिळवून बेरीज दहाच्या खाली आली, की थकव्याची एक पायरी चढायची. सहाव्या पायरीवर मरण. शून्य फॅरनहाइट म्हणजे आपले उणे अठरा. त्या हिशेबाने मी टपाल आणायला जाताना खिशात फासा बाळगायला हवा होता. पण पुढच्याच ओळीत पळवाट. अंगात थंडीचे कपडे असले तर फासा टाकायलाच नको, आपोआप पास.

त्याखेरीज जादू. पुजारीण झालेली मुलगी एका मंत्राने दहा बोरं निर्माण करायची. एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं जेवण. हे ऐकून आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो मंत्र मला लिहून दे रे बाबा." जादूगाराकडे तर त्याहून भारी मंत्र. म्हटला की दहा फूट त्रिज्येचा घुमट उभा. बाहेर हिमवादळ असो नाहीतर प्रलय, आत आठ तास ऊबदार आणि कोरडं. पोरं घुमटात शिरायची, बोरं खायची आणि झोपायची. उत्तर ध्रुव कसला, महाबळेश्वर झालं होतं ते.

"मग त्यात वाईट काय?" मी म्हटलं. "सुखी आहेत."

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चोर म्हणालाय की पुढच्या महिन्यापासून येणार नाही. तो सोडून गेला तर बाकीचेही सोडतील."

हा चोर म्हणजे चौघांतला सगळ्यात अबोल मुलगा. आठवडाभर शाळेतही कोणाशी बोलायचा नाही, असं नातवाकडून कळलं. दोन महिन्यांच्या खेळात त्याने एकच वाक्य उच्चारलं होतं. ड्रॅगन आला, "मी लपतो." राक्षस आला, "मी लपतो." एकदा जेवण आलं तेव्हाही म्हणाला होता म्हणतात. नातवाचा हा एक जुना मित्र. बाकी खेळ गेला तरी चालेल, पण हा जायला नको, हे तो बोलला नाही; पण पंधराव्या वर्षी मुलं जे बोलत नाहीत तेच ऐकायची सवय मास्तरांना असते.

मी चष्मा पुसला. आयुष्यभर मी पेपर काढले आहेत. पेपर तीन प्रकारचे असतात. एक, सगळ्यांना येतो. दोन, कोणालाच येत नाही. हे दोन्ही काढायला अक्कल लागत नाही. तिसरा पेपर असा, की तो संपल्यावर मुलं व्हरांड्यात उभी राहून भांडतात. 'अरे, तिथे तसं नाही, असं हवं होतं!' घंटा झाली तरी भांडतात, घरची वाट चालताना भांडतात. तो खरा पेपर.

"तुझी चूक नाही," मी म्हटलं, "पण दर तासाला फासा टाकायचा आणि गुण कापायचे, हे काही संकट नव्हे. ही पगारातली कपात झाली. कपात करताना कोणी आपल्याला विचारतं का? संकटाने विचारलं पाहिजे, की बाबा रे, हे की ते?"

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून जेवढा आर्क्टिक वाचला तेवढा मी तेहतीस वर्षांत वाचला नव्हता. सौ. म्हणायची, "घरातली संकटं पुरेनात म्हणून आता उत्तर ध्रुवाहून मागवताय!" पण खरंच, त्या भागात इतकी अस्सल संकटं पडून आहेत की राक्षस लागतच नाही.

जॉन रॉस नावाचा ब्रिटिश कप्तान १८१८ साली कॅनडाच्या उत्तरेला लँकेस्टर साउंडमध्ये शिरला. समोर पाहतो तो पलीकडच्या टोकाला डोंगरांची रांग, वाट बंद. त्याने त्या डोंगरांना नौदल खात्याच्या सचिवाचं, क्रोकरसाहेबांचं नाव दिलं आणि जहाज मागे वळवलं. पुढच्या वर्षी त्याच्याच हाताखालचा पॅरी तिथून सरळ आरपार गेला. डोंगर नव्हतेच. थंड हवेत प्रकाश वाकतो आणि नसलेलं दिसतं. साहेबाचं नाव दिलेला डोंगर असा गायब व्हावा, याहून मोठी आपत्ती सरकारी नोकरीत दुसरी नाही.

पुढे १८२७ साली हाच पॅरी बर्फावरून पायी ध्रुवाकडे निघाला. माणसं दिवसभर ढोरमेहनत करून उत्तरेला चालायची आणि पायाखालचा सगळा बर्फ समुद्राच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेला सरकायचा. मोजमाप केल्यावर कळलं, की चाललो त्या मानाने पुढे गेलोच नाही. शेवटी तो परत फिरला. (ज्यांनी पेन्शनची फाइल पुढे सरकवायचा प्रयत्न केला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

आणि फ्रँकलिन! १८४५ साली दोन जहाजं आणि १२९ माणसं घेऊन निघाला, आणि एकही परत आला नाही. जहाजं सापडली ती २०१४ आणि २०१६ साली. पण १८५९ सालच्या शोधपथकाला त्यांची एक होडी बर्फावर मिळाली होती, घसरगाडीवर चढवलेली. आत दोन सांगाडे. आणि सामान काय? चांदीचे काटे-चमचे, साबण, सपाता, पुस्तकं. खायला चहा आणि चॉकलेट. उपाशी माणसं हे ओझं ओढत होती. विमानतळाच्या वजनकाट्यापुढे बॅग उघडून बसलेल्या माणसाने हसू नये. आम्हीही येताना पुरणयंत्र आणलं होतं.

उलट अमुंडसेन १९०३ साली सहा सोबती घेऊन गेला आणि दोन हिवाळे तिथल्या नेटसिलिक लोकांच्या शेजारी राहून त्यांच्याकडून शिकला. (एस्किमो हा शब्द आता तिथल्या लोकांना आवडत नाही, इन्युइट म्हणायचं, हे नातवाने मला बजावलं.) कातडी कपडे सैल घालावेत, आणि मुख्य म्हणजे घाम येऊ देऊ नये. घाम आला की कपडे ओले, ओले कपडे गोठले की माणूस गेला. घाम हा मुंबईत नुसता वैताग असतो. तिथे तो मारेकरी आहे.

"आजोबा!" नातू ओरडलाच. "घाम! कपडे ओले झाले की आपोआप पास नाही!"

अशी पळवाट बुजली. नियम ठरला की हळू चाललात तर कपडे कोरडे, पण वेळ जाणार. गाडी घाईने ओढलीत तर लवकर पोचाल, पण कपडे ओले. कोणावर जबरदस्ती नाही. हे की ते?

पहिल्या शनिवारी आम्ही त्यांच्यापुढे डोंगर उभे केले. जादूगार म्हणाला मागे फिरू, योद्धा म्हणाला चढू, आणि पाऊण तास चर्चा होऊन पुढे गेल्यावर डोंगर विरघळला तेव्हा चौघांनी मिळून माझ्या नातवाला उशा मारल्या. मग पांढरं अस्वल आलं. बुटक्या योद्ध्याने ते मारलं आणि त्याची कलेजी खायचा हट्ट धरला. बॅरेन्ट्सच्या डच खलाशांनी १५९६-९७ च्या हिवाळी मुक्कामात तेच केलं होतं आणि त्यांची अंगभर कातडी सोलवटून निघाली होती. त्या कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की ते विष ठरतं. योद्ध्याचीही निघाली. तो मुलगा भलताच खूश झाला. चोर मात्र दोन्ही वेळा लपला.

आता दुसरा शनिवार. इथे घुमटाकडे वळायचं होतं.

मी तो मंत्र पुन्हा वाचून काढला. बोर्डाचं परिपत्रक वाचावं तसा, प्रत्येक शब्द. घुमटात जादूगार आणि त्याच्याखेरीज नऊ माणसं मावतात. दहावं असेल तर मंत्रच फुकट. मंत्र म्हणताना जे आत असतील ते पुढे आतबाहेर करू शकतात. जो त्या वेळी बाहेर असेल तो बाहेरच.

नऊ! मी मनात हिशेब मांडला. दहा फूट त्रिज्या म्हणजे तीनशे चौदा चौरस फूट. गिरगावातली आमची खोली दहा बाय बाराची, म्हणजे एकशे वीस. तिच्यात मोरी धरून आम्ही नऊ माणसं राहात होतो, आणि तेही बिगर मंत्राचं. कोकणातून कोणीतरी चिठ्ठी आणि ट्रंक घेऊन दारात उभा राहायचाच. 'नोकरी लागेपर्यंत' असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, आणि नोकरी लागायला वर्ष जायचं. पण दारातून कोणी परत गेलेला मला आठवत नाही. वडील वळकटी उचलायचे आणि म्हणायचे, "बाहेर गॅलरीत वारा छान आहे." पावसाळ्यातसुद्धा म्हणायचे. मग काका म्हणायचे, "आज माझी पाळी." तीनशे चौदा चौरस फुटांत नवानंतर जागा संपते असं म्हणणारा हा जादूगार चाळीत एक रात्र टिकला नसता.

"आपले खेळाडू चार," मी नातवाला म्हटलं. "जादूगार सोडून तीन. म्हणजे घुमटात सहा जागा शिल्लक. वादळ सुरू होताना त्यांना बर्फात अडकलेले खलाशी भेटू देत."

"वीस?" नातवाचे डोळे चमकले.

"सात."

"सातच? मग फक्त एक जास्त होतो!"

"वीस ठेवलेस तर ते दार लावून झोपतील. विसांचं काही करता येत नाही असं म्हणून माणूस मोकळा होतो. एक ठेव. एकाचं काहीतरी करता येतं, तिथेच नाकी नऊ येतात."

आणि पेपर काढायच्या खोडीने मी आणखी एक भर घातली. बहुपर्यायी प्रश्नात एक पर्याय असा लागतो, की घाईतल्या मुलाने झडप घालून त्याच्यावरच खूण करावी. तेव्हा सात खलाशांत एक म्हातारा असावा, आणि त्याने आपण होऊन म्हणावं, की मला ठेवा बाहेर. नातवाला ही कल्पना फारच पसंत पडली. इतकी, की त्या म्हाताऱ्याचं काम मीच करावं असं त्याने ठरवून टाकलं.

त्या शनिवारी मी तळघरात टेबलाच्या कडेला बसलो. डोक्याला कानटोपी होतीच, वेशभूषेचा खर्च नव्हता. पोरांनी गाडी घाईने ओढली होती, त्यामुळे सगळ्यांचे कपडे ओले. वादळ आलं. खलाशी भेटले. जादूगाराने मोठ्या ऐटीत घुमटाची घोषणा केली, मग बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. मग पुस्तक उघडलं. सगळे पुस्तकावर वाकले. आळीपाळीने आत जाता येईल? नाही, बाहेरचा तो बाहेरच. दाटीवाटीने? नाही, संख्या म्हणजे संख्या. तळघर एकदम शांत झालं.

मी घसा साफ केला आणि माझं वाक्य म्हटलं. "मी म्हातारा आहे. मला बाहेर ठेवा. तुम्ही पोरं आत जा."

वाक्य मीच लिहिलेलं. पण टेबलावर पडल्यावर ते जरा वेगळंच ऐकू आलं.

जादूगार हुशार मुलगा, गणितात पहिला. तो म्हणाला, "तसं बरोबर आहे. म्हातारा आहे, थोडीच वर्षं उरलीत, आणि तो स्वतःच म्हणतोय." पुजारीण म्हणाली, "पण..." आणि थांबली. योद्ध्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग पिझ्झ्याच्या खोक्याकडे पाहिलं. नातू सूत्रधाराच्या पुठ्ठ्याआड बसला होता. सूत्रधाराला पक्ष घेता येत नाही. त्याचे कान लाल झाले होते. बहात्तराव्या वर्षी असल्या चर्चा माणूस जरा लक्ष देऊन ऐकतो. मी अगदी सहज म्हणून कानटोपी कानांवरून वर सरकवली.

आणि तेवढ्यात आवाज आला, "नाही. मी बाहेर राहतो."

चोर. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "मला लपायची सवय आहे. आजोबांना आत घ्या."

खेळातल्या त्या म्हाताऱ्याचं नाव आम्ही काहीतरी नॉर्वेजियन ठेवलं होतं. पण तो 'आजोबा' म्हणाला. माझ्या नातवाचं ऐकून ऐकून त्याच्या तोंडात तो शब्द बसला होता बहुधा. त्या सोनेरी केसांच्या पोराच्या उच्चारात 'आजोबा'तला 'ज' भलतीकडेच गेला होता. पण आला वेळेवर.

मग आठ तास. तासाला एक फासा. पहिल्या तासाला सोळा पडले, टिकला. दुसऱ्याला चार, पहिली पायरी. तिसऱ्याला पुन्हा कमी. दुसरी पायरी. आता कोणी पिझ्झ्याला हात लावेना. तेव्हा बुटका योद्धा एकाएकी उभा राहिला. खुर्चीवरून, खरोखरच. "आतल्यांना बाहेर जाता येतं ना? मी बाहेर जातो. वाऱ्याच्या बाजूला बसतो त्याच्या."

"मग तुलाही फासा टाकावा लागेल," सूत्रधार म्हणाला.

"टाकतो."

मग पुजारीण म्हणाली, पुढचा तास माझा. जादूगाराला घुमट सोडता येत नाही, सोडला तर मंत्र संपतो. तो बिचारा आतून ओरडून गोष्टी सांगायला लागला, चोराला झोप लागू नये म्हणून. खलाशीही पाळीपाळीने गेले. एका तासाला मी गेलो. सूत्रधाराने कनवाळूपणे निकाल दिला, की सोबत असेल तर दोन फासे टाकून मोठा तो धरायचा. चाळीतली गॅलरी मी त्या पोरांना सांगितली नव्हती. आत घेता येत नाही तर आपण बाहेर जायचं, ही युक्ती त्यांना त्यांची सुचली.

चोर चौथ्या पायरीवर थांबला. सहावीवर मरण. आठव्या तासाला फासा टाकताना त्या पोराचा हात थरथरत होता. फासा गडगडत टेबलाखाली गेला आणि पाच डोकी धडाधडा टेबलाखाली आपटली. एकोणीस!

वर येऊन पाहतो तर साडेदहा वाजून गेलेले. मुलांना न्यायला गाड्या येऊन उभ्या. पण मुलं गाड्यांत बसतील तर शप्पथ. दारापुढच्या बर्फात चौघं आणि पाचवा आमचा, गोल करून उभे. पारा उणे बावीस. एकाच्याही डोक्यावर टोपी नाही. जादूगार हातवारे करून सांगत होता, की गणिताने त्याचंच बरोबर होतं. पुजारीण म्हणत होती, गणिताचा इथे संबंधच काय. योद्धा म्हणत होता, सुरुवातीला गाडी घाईने ओढली तिथेच चुकलं. आणि चोर, तो अबोल चोर, दोघांना गप्प करून म्हणत होता, "थांबा, माझं ऐका आधी!" एका गाडीने हॉर्न वाजवला. मग दुसरीने. कोणाचं लक्ष नव्हतं.

कन्या वरून ओरडली, "बाबा, दारात काय उभे राहिलात? थंडी बाधेल! आणि त्या मुलांना तरी घरी पाठवा!"

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "पेपर सुटलाय."